आधी नकार कळवा, मग ओळख वाढवा

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणी) आहे. बारा वर्षं झाली. वय ३६, एम.एस्सी. केमिस्ट्री. नवरा शिक्षक, मुलगी चौथीत. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून एका रिक्रूटमेंट कन्सल्टंट मॅडमचा फोन आला. गोव्यात वेर्ण्याला असिस्टंट मॅनेजरची जागा आहे, येणार का म्हणून. असे फोन येतच असतात, पण या मॅडमनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, "तुमच्याकडे एका अ‍ॅनालिस्टला किती एचपीएलसी?" (एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन.) मग कळलं, त्या स्वतःच नऊ वर्षं क्यूसीत होत्या. पस्तिशीत नोकरी सोडून या धंद्यात आल्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी आमचं बोलणं होतं.

खरं सांगायचं तर मला गोव्याला जायचंच नाही. मला लॅबच नको झालीय. रात्रपाळी, ओओएस (नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की होणारा तपास), ऑडिट आलं की रविवारही गेला. मला त्यांच्यासारखं व्हायचंय. पण जागा नको म्हटलं तर त्या बोलायच्याच थांबतील, म्हणून मी "विचार करते" म्हणत राहिले. आता येत्या शनिवारी त्यांनी ऑनलाइन इंटरव्ह्यू ठेवलाय. देऊन टाकू का? माझा भाऊ म्हणतो, "कन्सल्टंट म्हणजे दलाल, गोड बोलणं हा त्यांचा धंदा. तू तिला मैत्रीण समजू नकोस." नवऱ्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही. या मॅडमशी ओळख कशी वाढवू? आणि या वयात त्यांच्यासारखं क्षेत्र बदलणं जमेल का?

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर :

शनिवारचा इंटरव्ह्यू देऊ नका. हे वाचून झालं की लगेच त्यांना नकार कळवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

"देऊन टाकू का" या शब्दांवरून दिसतं की इंटरव्ह्यू दिला तर कुणाचं काही बिघडत नाही असं तुम्ही धरून चाललाय. मॅडमच्या बाजूने बघा. कंपनीच्या एचआरने त्यांना एक जागा दिली आहे. त्यांनी चाळीस जणांना फोन केले असतील, त्यातले बरेच उचललेच गेले नसतील, कुणाचा पगार आवाक्याबाहेरचा, कुणाचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. त्यातून तीन-चार नावं काढून त्यांनी पाठवली, आणि त्यांत तुमचं नाव आहे. तुमच्यामुळे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी थांबवून ठेवलंय. तुम्ही हुशार आहात, बारा वर्षांचा अनुभव आहे, इंटरव्ह्यू चांगलाच जाणार. मग ऑफर येणार. मग तुम्ही नाही म्हणणार. या धंद्यात त्याला ऑफर ड्रॉप म्हणतात, आणि कन्सल्टंटच्या आठवड्यातली ती सगळ्यात वाईट बातमी असते. एचआरवाला तुमच्यावर चिडत नाही, कारण तुम्ही त्याच्या कुणीच नाही. तो मॅडमना म्हणतो, "तुम्ही उमेदवाराशी नीट बोलला नव्हता का?" पुढची जागा मग तो दुसऱ्या कन्सल्टंटला देतो.

ज्या बाईंसारखं व्हायचंय, त्यांच्याच पोटावर पाय ठेवून ओळख वाढत नसते.

तुमची भीती मला समजते. जागा नको म्हटलं की फोन बंद होतील. आठवड्याचे फोन बंद होतीलही, कारण ते त्या जागेसाठीच होते. पण माणूस तुटत नाही. उलट वेळेवर, स्पष्ट आणि खरं कारण देऊन नाही म्हणणारा उमेदवार कन्सल्टंटच्या चांगला लक्षात राहतो, कारण असे फार थोडे भेटतात. बहुतेक जण इंटरव्ह्यूच्या सकाळी मोबाइल बंद करतात. काही जण सासूबाईंना दवाखान्यात नेतात. तुम्ही सासूबाईंना घरीच राहू द्या. मेसेज साधा असावा :

"नमस्कार मॅडम. वेर्ण्याच्या जागेचा पूर्ण विचार केला. मला गोव्याला यायचं नाही, म्हणून शनिवारचा इंटरव्ह्यू रद्द करावा ही विनंती. हे आधीच सांगायला हवं होतं, तुमचा वेळ गेला त्याबद्दल क्षमा करा. माझ्या एम.एस्सी.च्या बॅचमधल्या मैत्रिणींना या जागेबद्दल विचारते, कुणी तयार असल्यास तुमचा नंबर देते."

शेवटचं वाक्य लिहाल तर ते खरंच करा. आणि नावं कॉलेजच्या ओळखीतलीच द्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव बाहेरच्या कन्सल्टंटला देणं, तेही स्वतः त्याच कंपनीचा पगार घेत असताना, हा प्रकार पुढे अंगाशी येतो.

या मेसेजमध्ये "मला तुमच्यासारखं व्हायचंय" हे घालू नका. घातलंत तर नकार म्हणजे त्या मागणीची प्रस्तावना होऊन बसेल. चार-पाच दिवस जाऊ द्या.

आता तुमच्या भावाबद्दल. तो अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग तुम्ही समजून घ्यायलाच हवा.

कन्सल्टंटला पैसे कंपनी देते. आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारा दर म्हणजे वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, सरळ भाषेत वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. मोठ्या पदांना तो वाढतो, एकदम बरीच माणसं घेणारी कंपनी तो पाडून मागते. वेर्ण्याची जागा समजा ९ लाखांची असेल तर बिल साधारण ७५ हजारांचं, वर १८ टक्के जीएसटी. हे बिल तुम्ही रुजू झाल्यावर लागतं आणि पैसे त्यानंतर कधीतरी येतात. आणि तुम्ही ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांत, नोकरी सोडली तर कन्सल्टंटने फुकटात दुसरा माणूस द्यायचा किंवा पैसे परत करायचे, असं कलम करारात असतं. मॅडम स्वतः फर्मच्या मालक नसतील तर या ७५ हजारांतला एक तुकडाच इन्सेंटिव्ह म्हणून त्यांच्या हाती पडतो, तोही महिन्याचं टार्गेट ओलांडल्यावर.

यावरून त्यांचा स्वार्थ कुठवर पोचतो ते मोजता येतं. तुम्ही रुजू व्हावं आणि तीन महिने टिकावं, इथवर तो नक्की आहे. त्यापुढे तुमचं तिथे पटेल का, मुलीची शाळा बदलावी का, याचं उत्तर त्यांच्या हिशेबात नाही. उदाहरणादाखल पगाराची घासाघीस घ्या. तुम्ही वर्षाला ५० हजार जास्त मागितले आणि मिळाले, तर त्यांच्या फर्मच्या बिलात जेमतेम ४,१६५ रुपयांची भर पडते. पण त्या घासाघिशीत व्यवहार फिसकटला तर ७५ हजार गेले. म्हणून कितीही भल्या असल्या तरी त्या तुम्हाला "आहे त्यात हो म्हणा" असंच सांगतील. हा काही त्यांचा खोटेपणा नाही, गणितच तसं आहे. ते माहीत असलं की त्यांचा सल्ला कुठे पूर्ण घ्यायचा आणि कुठे अर्धा, हे तुम्हालाच कळेल.

भाऊ जिथे चुकतो ते असं. उमेदवाराकडून नोंदणी फी, ट्रेनिंग फी, सिक्युरिटी डिपॉझिट असलं काही मागणारे लोक या बाजारात आहेत, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचं नाव खराब होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार खासगी एजन्सींनी कामगाराकडून फी घेऊ नये असं सांगतो. भारताने तो स्वीकारलेला नाही, पण इथल्या चांगल्या फर्म हा नियम पाळतातच. तुमच्या मॅडमनी दोन महिन्यांत एक रुपया मागितलेला नाही. औषध कंपन्यांचं जगही लहान आहे. संभाजीनगरचा माणूस हिमाचलातल्या बद्दीला जातो, तिथून वेर्ण्याला, तिथून अहमदाबादला, आणि सगळ्यांना सगळे ठाऊक असतात. अशा ठिकाणी गोड बोलून एकदा फसवणाऱ्याचा धंदा फार दिवस चालत नाही. तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, फक्त एकाच फोनवर त्यांना कंपनीच्या बाजूने आणि तुमच्या बाजूने बोलायला लावू नका. दोन महिने तुम्ही नेमकं तेच करत आलात. जागेच्या विषयावर पडदा पडला की त्या मोकळ्या होतील.

मग ओळख वाढवायची कशी? थेट विचारून. "मॅडम, एक वैयक्तिक विनंती आहे. तुम्ही लॅब सोडून या क्षेत्रात कशा आलात ते मला समजून घ्यायचंय. नोकरी मागत नाही. पुण्याला आले की अर्धा तास भेटाल का? तुम्हाला सोयीचा वार सांगा." एवढंच पुरे. संभाजीनगर ते पुणे जाऊन यायचं म्हणजे एक रजा जाईल, ती घाला. फोनवर माणूस आपली तयार गोष्ट सांगतो. समोर चहा घेऊन बसला की मधले खड्डेही सांगतो.

"एवढी काही घट्ट ओळख नाही, कसं विचारू" असं मनात येईल. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्यामुळे ही नोकरी मिळाली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकीच्यांची ओळख अधूनमधून किंवा क्वचितच भेटीची. पाहणी छोटी होती, पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या माणसांना आपल्याला जेवढं माहीत तेवढंच माहीत असतं. तुमच्या लॅबमधल्या वीस मैत्रिणींना मिळून रिक्रूटमेंटबद्दल जे ठाऊक नाही, ते या बाईंना एकटीला ठाऊक आहे. तेव्हा लाजू नका.

आता भेटीत काय विचारायचं, यावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. क्षेत्र बदललेला माणूस आपली गोष्ट कायम शेवटाकडून सांगतो. "कंटाळले होते, धाडस केलं, आज समाधानी आहे." यात खोटं काही नसतं, पण तुमच्या उपयोगाचंही काही नसतं. तुम्ही पहिल्या वर्षाबद्दल विचारा. पहिला पगार लॅबच्या शेवटच्या पगारापेक्षा किती कमी होता? पहिलं जॉइनिंग व्हायला किती महिने लागले? त्या काळात घर कुणाच्या पगारावर चाललं? त्या फर्ममध्ये शिरकाव कुणामुळे झाला, जाहिरात पाहून की ओळखीने? परत लॅबमध्ये जावंसं कधी वाटलं? आणि आज, इतक्या वर्षांनंतर, या कामातली कोणती गोष्ट करायचा त्यांना कंटाळा येतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवा. पगाराचा आकडा थेट विचारणं जड वाटत असेल तर "निम्मा झाला होता का?" असं विचारा, माणूस आपोआप दुरुस्ती करतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून काढून घ्या, कारण ती बहुधा त्या स्वतःहून सांगणार नाहीत. त्यांनी लॅब सोडली असं तुम्ही म्हणता. मला ते तितकंसं पटत नाही. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि तिचा सीव्हींचा डेटाबेस पैसे भरणाऱ्या प्रत्येक कन्सल्टंटला उघडा असतो. तुमचा सीव्ही ज्यांना सापडला असे किती तरी असतील, म्हणून तर "असे फोन येतच असतात". पण लक्षात राहिल्या या एकट्याच, त्या एचपीएलसीच्या प्रश्नामुळे. कंपनीचा एचआर "एचपीएलसी, सहा ते आठ वर्षं" असं लिहून पाठवतो. सीव्हीवर एचपीएलसी लिहिलेले ढीगभर असतात. कोण खरंच मशीन चालवतो आणि कोण फक्त दुसऱ्याचा डेटा तपासून सही करतो, हे एचआरला कळत नाही आणि बावीस वर्षांच्या नवख्या रिक्रूटरला तर नाहीच. तुमच्या मॅडम विचारत असतील, "कॉलमचं प्रेशर अचानक वाढलं तर पहिलं काय करता?" (कॉलम म्हणजे मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी.) ज्याने हातानं काम केलंय तो चटकन सांगतो, कॉलम काढून बघतो, प्रेशर उतरलं तर दोष कॉलममध्ये, नाही उतरलं तर सिस्टिममध्ये कुठेतरी, बफर आणि ऑरगॅनिक या आत सोडायच्या द्रावणांचं प्रमाण चुकून मीठ बसलंय का तेही बघतो. ज्याने नुसतं वाचलंय तो "एसओपीप्रमाणे (लेखी कार्यपद्धतीप्रमाणे) करतो" म्हणतो. दोन मिनिटांत निवाडा. नऊ वर्षांची लॅब त्या रोज विकतात, आणि त्यांची किंमत त्यातच आहे. तुम्हीही गेलात तर तेच विकणार. "लॅबच नको झालीय" म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याला दिवसभर लॅबबद्दलच बोलावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

बाकी दिवस कसा जातो? सकाळी मेलवर जागा आलेली असते, बजेट कमी, अपेक्षा भरपूर, आणि खाली लाल अक्षरात "इमिजिएट जॉइनर". मग डेटाबेसमध्ये शोध, मग फोन. करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटीस. हेच तीन प्रश्न दिवसभर, प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारत असल्यासारख्या आवाजात. एक्सेलमधला ट्रॅकर संध्याकाळपर्यंत भरायचा. इंटरव्ह्यूच्या दिवशी उमेदवाराला आठवण, पुन्हा आठवण, लिंक उघडत नाही म्हणून फोन. ऑफर निघाली की नोटीसचे तीन महिने त्याला सांभाळायचं, कारण त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवणार हे नक्की. रुजू व्हायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत जीव टांगणीला. लॅबमध्ये रिझल्ट चुकला तर कारण शोधता येतं, अहवाल लिहिता येतो. इथे माणूस आला नाही तर आला नाही. तुमच्यासारख्या, ओओएसच्या तपासात मुळाशी जायची सवय लागलेल्या माणसाला हे पहिले सहा महिने फार खुपेल असा माझा अंदाज आहे. पण तुम्हाला माणसांशी बोलायला आवडतं, आठवड्याचा एक फोन तुम्ही दोन महिने जपलात, त्यावरून जमणारच नाही असंही मी म्हणणार नाही. वय मला अडचण वाटत नाही. एकाच उद्योगाच्या जागा भरणाऱ्या फर्मला ३६ वर्षांची जाणती बाई परवडते, फक्त पगार ती नवशिक्यासारखा देते.

एक सापळा आत्ताच सांगून ठेवते. पुण्यात रिक्रूटरच्या जाहिराती बघायला लागलात की "यूएस आयटी रिक्रूटर", "बेंच सेल्स" (हाती काम नसलेल्या आयटीवाल्यांना काम मिळवून देणं) असल्या भरपूर दिसतील. नवख्यांना घेतात, पगार बरा देतात. पण अमेरिकेतल्या उमेदवारांशी अमेरिकेच्या वेळेत बोलायचं असतं, म्हणजे संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपणारी ड्युटी. रात्रपाळीला कंटाळून निघालेली बाई पुन्हा रात्रपाळीतच. शिवाय तिथे तुमच्या केमिस्ट्रीचा काडीचा उपयोग नाही.

यावरून मूळ मुद्दा. तुम्हाला नेमकं काय नको आहे? पत्रात तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात : रात्रपाळी, ओओएस, ऑडिटमध्ये जाणारे रविवार. केमिस्ट्रीबद्दल, मशीनबद्दल तक्रारीचा एकही शब्द नाही. मग लॅब नको आहे की शिफ्ट? रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधांच्या मंजुरीची कागदपत्रं सरकारी यंत्रणांना सादर करणाऱ्या विभागात, जनरल शिफ्ट असते आणि क्यूसीतून गेलेले बरेच लोक तिथे आहेत. सबमिशनच्या तारखा जवळ आल्या की तिथेही उशीर होतो, पण रात्री तीनला नाही. एचपीएलसी बनवणाऱ्या कंपन्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टसाठी, म्हणजे ग्राहकांना मशीन वापरायला मदत करण्यासाठी, तुमच्यासारख्यांना घेतात; प्रवास खूप, पण मशीनवर हात राहतो आणि माणसंही भेटतात. या दोन्हींबद्दल मॅडमना विचारा. त्या या जागा भरत असतील तर त्यांचे पगार आणि त्यातल्या कटकटी त्यांना पाठ असतील. मला तर वाटतं, भेटीतला हा भाग त्यांच्या स्वतःच्या कथेपेक्षा तुमच्या जास्त कामी येईल.

तरीही रिक्रूटमेंटच हवं असं वाटलं, तर नोकरी सोडण्याआधी त्या कामाचा वास घ्या. त्यांची फर्म परवानगी देत असेल तर रजेच्या एका दिवशी त्यांच्या शेजारी बसून नुसते फोन ऐका. "घरबसल्या फ्रीलान्स करा, एक जॉइनिंग झालं की पैसे" असं कुणी सुचवेल. नोकरीत असेपर्यंत ते नको. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम न करण्याचं कलम जवळपास नक्की असणार, आणि त्यात तुमच्याच उद्योगातली माणसं हलवायची म्हणजे हितसंबंधांचा उघड घोळ. पैसे न घेता, ऐकून शिकण्यापुरतं ठेवा.

पैशांचं थोडक्यात. बारा वर्षं सलग झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ३० हजार धरला तर साधारण २ लाख ८ हजार. पीएफला हात लावू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, नव्या ठिकाणी खातं ट्रान्सफर करा. नव्या कामात पहिलं वर्ष फक्त ठरलेल्या पगारावर निघेल असं धरा आणि इन्सेंटिव्ह शून्य लिहा. मालक मुलाखतीत "आमच्याकडे मुली पगाराइतकाच इन्सेंटिव्ह काढतात" म्हणाला, तर गेल्या वर्षी रुजू झालेल्या किती जणींनी काढला आणि किती जणी सहा महिन्यांत गेल्या, ते विचारा.

आणि नवरा. मॅडमना भेटून येईपर्यंत थांबू नका, पुण्याला जायच्या आधीच सांगा. दोन महिने दर आठवड्याला चाललेलं बोलणं त्यांना नंतर कळलं तर त्यांना बातमीपेक्षा लपवल्याचंच वाईट वाटेल. सांगताना "मला नोकरी सोडायचीय" अशी सुरुवात करू नका, कारण तुम्ही अजून तिथवर आलेलाच नाही आहात. "मला रात्रपाळी झेपत नाही, एका बाईंना भेटून काय काय करता येईल ते विचारून येते" एवढं सांगा, ते खरंही आहे. शिक्षक आहेत, पगार दर महिन्याला येतो. एक वर्ष घर त्यांच्या पगारावर आणि तुमच्या कमी झालेल्या पगारावर चालेल का, हा हिशेब त्यांच्यासोबत बसूनच करावा लागेल. घराचा हप्ता, मुलीची फी, गावाकडे जाणारे पैसे, सगळं त्यात येऊ द्या. आकडा जुळत नसेल तर वर्षभर थांबून तेवढी रक्कम बाजूला टाका, आणि तोवर आहे त्याच कंपनीत जनरल शिफ्टची बदली लेखी मागा. बारा वर्षांत ती तुम्ही एकदा तरी मागितलीत का, हे पत्रात कुठे दिसलं नाही.